सात नंबरचं पातं

सही करणार नाही, असं ताईनं तीनदा सांगून झालं होतं आणि तिन्ही वेळा बाळनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं होतं. चौथ्या वेळी तिनं पेनाला टोपण लावलं, पेन त्याच्याच खिशात परत खोचलं आणि म्हणाली, "आता आलं ऐकू?"

बाळ तिचा धाकटा भाऊ. वय अडतीस, डोक्यावरचे निम्मे केस कायमच्या रजेवर गेलेले, पण घरात तो बाळच होता. आवारातले कामगार त्याला 'बाळसाहेब' म्हणत आणि त्यातल्या 'साहेब'वर जरा जास्तच जोर देत. त्यानं खिशातलं पेन काढून पुन्हा टेबलावर ठेवलं.

"ताई, चार वाजता पवनचक्की कंपनीचा साहेब येणार. हा कागद त्याला आज हवाय. आपण तिघं भागीदार. माझी सही झालीय, बाबांची झालीय, राहिली तुझी. उद्या सकाळी त्याच्या लॉऱ्या येतील, पाती उचलतील, विषय संपला."

"उचलतील आणि नेतील कुठं?"

"तुला माहितेय की."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

"जुन्या दगडखाणीत," बाळ म्हणाला. "तिथं पुरायची, वर माती टाकायची. सगळे असंच करतात."

"मग कागदावर 'पुरली' असं का नाही लिहिलं? इथं लिहिलंय, सर्व चोपन्न पात्यांचा पुनर्वापर करण्यात आला. करण्यात आला! पाती अजून खाली उन्हात पडलीयेत आणि पुनर्वापर झालासुद्धा?"

"कागदाची भाषा तशीच असते गं. त्यात काय एवढं धरून बसायचं?"

ताईनं बाबांकडे बघितलं. ते खिडकीपाशी दुखरा गुडघा स्टुलावर लांब करून बसले होते आणि बाहेर बघत होते. कागदावर त्यांची सही होती. वळणदार, ठसठशीत, इंजिनाच्या पाटीवर कोरल्यासारखी. सकाळपासून त्यांनी एक अक्षर उच्चारलं नव्हतं. बाळनं सही केली याचं ताईला नवल वाटलं नव्हतं. बाबांनी केली, हे मात्र तिला गिळवत नव्हतं.

ऑफिसची खोली लोखंडी जिन्यावर होती आणि तिच्या खिडकीतून सगळं आवार दिसायचं. डाव्या हाताला मनोऱ्यांचे कापलेले तुकडे, मोठाल्या बांगड्यांसारखे एकात एक. पलीकडे तेल काढून कोरडे केलेले गिअरबॉक्स. पत्र्याच्या शेडमध्ये तांब्याच्या तारांची भेंडोळी. आणि आवाराच्या टोकाला ती पाती. एकेक बावीस मीटर लांब, पांढरी, लाकडी ओंडक्यांवर ओळीनं आडवी निजवलेली. त्यांच्यावर बसलेले कावळे इथून माश्यांएवढे दिसत होते.

त्या अठरा पवनचक्क्या तीस वर्षांपूर्वी बाबांनी उभ्या केल्या होत्या. डोंगरमाथ्यावर तेव्हा रस्तासुद्धा नव्हता. आणि त्या खाली उतरवल्या ताईनं, अवघ्या पाच महिन्यांत, एकाही माणसाच्या बोटाला इजा न होता. पोलाद ओतशाळेत गेलं, तांबं हातोहात गेलं, तेलसुद्धा गाळायला नेलं. पात्यांना मात्र कोणी दारात उभं करेना. काचेचे धागे, त्यावर राळेचे थर आणि पोटात हलकं लाकूड. ते वितळत नाही, गंजत नाही, हातोड्यानं फुटत नाही. भंगारवाल्याच्या दृष्टीनं असला माल म्हणजे जावई होऊन बसलेला पाहुणा.

"सिमेंटच्या कारखान्यातल्या इंजिनीअर बाईंशी मी बोललेय," ताई म्हणाली. "हातभर लांबीचे तुकडे करून द्या, आत धातूचा कण नको, मग आमच्या भट्टीला चालतील म्हणाल्या. राळ आणि लाकूड जळून कोळसा वाचतो, काच सिमेंटमध्ये मिसळून जाते. काही शिल्लक उरत नाही."

"आपल्याकडे करवत एक. एका पात्याला दोन दिवस. म्हणजे किती झाले?"

"साडेतीन महिने."

"आणि साहेबाला जागा महिनाअखेर मोकळी दाखवायचीय. नाही दाखवली तर पुढच्या डोंगरावरचे एक्केचाळीस मनोरे दुसऱ्याला. तो स्पष्ट बोलून गेलाय."

आतापर्यंत दाराशी उभी असलेली आई आत आली. आई आवाराचं कोठार सांभाळायची. तारेचा तुकडा नखानं खरवडून तो तांब्याचा की नुसता मुलाम्याचा हे ती डोळे मिटून सांगायची, आणि माणसंही बहुधा तशीच पारखायची.

"सही कर आणि मोकळी हो," ती ताईला म्हणाली. "खाली अकरा माणसं काम करतात. माझ्या हट्टापायी तुमचं काम गेलं, हे त्यांच्या घरी जाऊन तू सांगणार आहेस का?"

हे मात्र ताईच्या वर्मी लागलं. त्या अकरांपैकी लंबू गॅसकटरवाल्याला नुकती जुळी मुलं झाली होती. तिनं कागद पुन्हा जवळ ओढला. बाळला वाटलं, मात्रा लागू पडली. मग त्यानं एक वाक्य जास्तीचं बोलून घोळ केला.

"तुझं काय जातंय म्हणा. तुझ्या मागेपुढे आहेच कोण?"

"बाळ!" आई ओरडली.

दोन वर्षांचा संसार मोडून ताई परत आली, तेव्हा या घरात कोणी तिला काही विचारलं नव्हतं. बाबांनी दुसऱ्या दिवशी तिच्या हातात पाना दिला होता आणि 'चल, माणूस कमी आहे' एवढंच म्हटलं होतं. त्याला आता सोळा वर्षं होत आली. इतक्या वर्षांत बाळनंही तो विषय कधी काढला नव्हता.

"माझ्या मागे कोण आहे ते सोड," ताई हळू आवाजात म्हणाली. "माझ्या नावाखाली काय आहे ते मी बघतेय. त्या कागदावर माझं नाव आणि वर खोटं. नाही जमणार."

तेवढ्यात जिना वाजला आणि बाळची बायको आली. तिला सगळे टीचर म्हणत. ती शाळेत शिकवायची म्हणून, आणि घरीही तिचा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असाच असायचा म्हणून. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटून ती तडक इकडे आली होती. खांद्याला पर्स, हातात गुंडाळलेला कागद.

"झाली का सही?" तिनं आनंदानं विचारलं आणि कागद टेबलावर पसरला. "हे बघा, मुख्याध्यापकांनी नकाशा काढून दिलाय. इथं धावपट्टी, इथं गोलपोस्ट. सहा वर्षं अर्ज करून थकलो आम्ही, आणि आता खाण बुजवून कंपनी आयतं मैदान देतेय! पोरं नुसती नाचताहेत."

ताईला हे नवीन होतं. तिनं बाळकडे पाहिलं. बाळनं नकाशाकडे पाहिलं.

"गोलपोस्टचे खांब किती खोल जातात?" ताईनं विचारलं.

"मीटरभर तरी जायला हवेत. का?"

"खाली पाती लागतील."

"लागली तर लागली. कुजतीलच ना ती हळूहळू?" टीचर नवऱ्याला म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात, चार-पाच वर्षांत माती होईल."

"होईल की," बाळ म्हणाला. "जमिनीत काय टिकतंय?"

"नाही होत."

हे बाबा बोलले. खिडकीकडे तोंड करूनच. बाळला आधी वाटलं, ते खालच्या कोणाला तरी काही सांगताहेत.

"काय म्हणालात?"

"माती होत नाही. मी एक पुरलंय."

बाबा वळले. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा उचलून स्टुलावरून खाली घेतला आणि एखाद्या यंत्रातला बिघाड सांगावा तसं, न थांबता सांगून टाकलं. बावीस वर्षांपूर्वी वादळात सात नंबरच्या चक्कीचं एक पातं मोडलं होतं. चौदा मीटरचा तुकडा उतारावर येऊन पडला. दोन दिवसांनी बाहेरून मोठी मंडळी प्रकल्प बघायला यायची होती. तेव्हाच्या मॅनेजरनं बाबांना बाजूला घेतलं. हे दिसता कामा नये, बाकी तुम्ही समजदार आहात. बाबांनी भर दुपारी ट्रॅक्टरला बांधून ते पातं खाणीत नेलं आणि गाडलं. बरोबर दोन माणसं होती, ती दोघंही आता हयात नव्हती.

"त्याच महिन्यात मला फोरमन केलं," बाबा म्हणाले.

आईचा हात तोंडाशी गेला. "तुम्ही मला सांगितलंत, ते दुरुस्तीला कारखान्यात गेलं."

"सांगितलं."

"त्या फोरमनकीचा सत्कार झाला तेव्हा मी नवं पातळ नेसून पहिल्या रांगेत बसले होते."

बाबांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत आईनं त्यांच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. तिला राग आला होता की कीव, ते ताईला कळेना. तिचं तिलाही कळलेलं नसावं.

"म्हणून सही केलीत?" ताईनं विचारलं. "एक तुम्ही पुरलंत, मग आता चोपन्नांना नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं, म्हणून?"

"हो," बाबा म्हणाले.

ताई उठली. भिंतीवरच्या खिळ्यावरून खोदाईच्या मशीनची किल्ली काढली. "चला. दाखवा कुठं आहे."

"आता?" बाळ म्हणाला. "अगं, साहेब येतोय चार वाजता."

"दोन वाजलेत. मशीनला दहा मिनिटं लागतात. बाळ, तुला वाटतंय ना माती होते म्हणून? माती झालेली निघाली तर आल्या पावली सही करते. सगळ्यांसमोर सांगतेय."

बाळनं तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे, मग बाबांकडे. त्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या टकलावर चमकणाऱ्या घामावरून ताईला वाचता येत होतं. बावीस वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत. काहीतरी झालंच असेल त्याचं. "चल," तो म्हणाला. "होऊनच जाऊ दे."

दगडखाण डोंगराच्या पायथ्याशी होती. एका अंगाला पाण्याचं डबकं, बाकी नुसती खडी, झुडपं आणि कोणी कोणी आणून टाकलेला राडारोडा. ताई मशीन घेऊन पुढे गेली. मागून बाकीचे गाडीनं आले आणि त्यांच्या मागे, कोणी बोलावलेलं नसताना, लंबू आणि आणखी तिघं कामगार सायकलींवर.

बाबा काठी टेकत खाणीच्या भिंतीपाशी गेले. एका सुळक्यासारख्या दगडाला हात लावून त्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली. दुखरा पाय प्रत्येक पावलाला मागे राहत होता, तरी त्यांनी कोणाचा हात धरू दिला नाही. एकतिसाव्या पावलाला ते थांबले आणि काठी जमिनीत रुतवली.

"इथं. याच्यापासून डबक्याच्या दिशेनं आडवं."

ताईनं मशीनचा हात खाली घेतला. पहिल्या दोन फावड्यांना नुसता मुरूम निघाला. तिसऱ्याला मुळ्या निघाल्या. चौथ्याला काहीच नाही, आणि बाळ पुढे सरकून खड्ड्यात डोकावला. पाचव्याला मशीनच्या दातांखाली कर्र असा आवाज झाला. दगडाचा नाही, लोखंडाचाही नाही. तो आवाज गेले पाच महिने ताई रोज ऐकत होती. तिनं इंजिन बंद केलं.

लंबू फावडं घेऊन खड्ड्यात उतरला. त्यानं माती बाजूला केली आणि खाली हळूहळू पांढरा रंग उघडा पडू लागला. अर्ध्या तासात दोन मीटर पातं मोकळं झालं. तेव्हा बाळनं आपला इस्त्रीचा शर्ट कोपरापर्यंत दुमडला, स्वतः खाली उतरला आणि तळहातानं ते पुसायला लागला. वरून डबक्यातलं पाणी आणून ओतलं गेलं. माती ओघळली. खाली लाल पट्टा होता, आणि पट्ट्याच्या खाली काळ्या रंगानं काढलेला आकडा. सात. त्याच्या शेपटीला एक छोटा वळसा, बाबा अजूनही काढत तस्सा.

बाळनं नखानं रंग खरवडून बघितला. निघाला नाही. त्यानं पात्यावर मूठ आपटली. पातं घुमलं.

"काहीच झालं नाही याला," तो म्हणाला. बोलताना त्याचा आवाज एखाद्या फसवल्या गेलेल्या माणसासारखा झाला होता. "एवढंसुद्धा नाही."

बाबा खड्ड्याच्या काठावर बसले. वाकून त्यांनी त्या आकड्यावर हात ठेवला. बऱ्याच वेळानं आई त्यांच्याजवळ गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "उठा. ओल लागेल." एवढं बोलून तिनं हात पुढे केला. त्यांनी तो घेतला.

टीचरनं नकाशाची गुंडाळी दुसऱ्या हातात घेतली. "वर मैदान झालं असतं," ती म्हणाली, "आणि एखाद्या पोरानं विचारलं असतं, टीचर, खाली काय आहे? मग मी काय सांगणार होते?" ती नवऱ्याकडे वळली. "मला मैदान हवंय. अजूनही हवंय. पण असलं नको. आमच्या अर्जाला आणखी सहा वर्षं लागली तरी चालतील."

"तुला चालेल," बाळ खड्ड्यातूनच म्हणाला. "या अकरा जणांना चालेल का ते विचार."

आणि ताईनं विचारलं. ती मशीनवरून उतरली, लंबूसमोर जाऊन उभी राहिली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "मी सही केली नाही तर पुढच्या डोंगराचं काम जाईल. साडेतीन महिने ही पाती कापायचं काम आहे. त्याच्या पुढचं मला माहीत नाही. खोटी आशा दाखवत नाही."

लंबूनं कपाळावरचा घाम पुसला. "ताई, मी पाच महिने तुमच्या हाताखाली पन्नास मीटरवर लोंबकळत होतो. तुम्ही दोर तपासला की मी खाली बघायचो नाही. आता उगाच कशाला बघू?" त्यानं मागे उभ्या असलेल्या तिघांकडे बघितलं. "बाकीच्यांचं मी बोलत नाही. एकदोघं जातील सोडून. त्यांना नावं ठेवू नका."

"नाही ठेवणार."

चार वाजायला पाच मिनिटं असताना कंपनीचा साहेब थेट खाणीवरच आला. आवारात घरचं कोणी नाही म्हटल्यावर पहारेकऱ्यानं त्याला इकडे पाठवलं होतं. पांढरी गाडी, डोळ्यांना गॉगल, पायात असे बूट की मुरमावर पाऊल टाकताना त्यानं आधी दोनदा विचार केला. खड्डा बघून त्याला वाटलं, काम सुरू झालं.

"वा! आजच मुहूर्त केलात?"

"हे आमचं नाही," ताई म्हणाली. "हे तुमचं. बावीस वर्षांपूर्वीचं. ओळखलंत का?"

साहेबानं गॉगल काढला, आत वाकून बघितलं आणि पुन्हा घातला. "हे बघा, मी तेव्हा शाळेत होतो. बाळसाहेब, कागद?"

बाळनं कागद गाडीतून आणला. तो साहेबाच्या हातात देणार एवढ्यात बाबांनी मध्येच हात घालून तो घेतला. त्यांनी पेन मागितलं. बाळनं खिशातून काढून दिलं. त्याला वाटलं असेल, बाबा ताईला समजावणार. बाबांनी कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला, आपली ती ठसठशीत सही शोधली आणि तिच्यावरून एक आडवी रेघ ओढली. मग दुसरी. मग तिसरी, कागद फाटेपर्यंत.

"मेस्त्री, हे काय?" साहेब म्हणाला.

"एकदा पुरलं, तेव्हा मला फोरमन केलं," बाबा म्हणाले. "आता या वयात मला काय करणार आहात?"

"तुम्हाला परिणाम माहीत आहेत. पुढचं काम विसरा. आणि पाती माझ्या लॉऱ्या उद्या सकाळी उचलतीलच. तुमच्या सह्या नसल्या तरी पाती कंपनीची आहेत."

"नाहीत," आई म्हणाली.

साहेबानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

"उतरवलेला सगळा माल उतरवणाऱ्याचा, असं तुमच्या करारात आहे," आई म्हणाली. "तांबं, पोलाद चांगल्या भावानं जात होतं तेव्हा तुमच्या माणसांना ते कलम बदलून हवं होतं. मी बदलू दिलं नाही. तेच कलम पात्यांनाही लागतं. आमच्या फाटकातून आमचा माल उचलायला आलात तर त्याला काय म्हणतात ते टीचर सांगतील. त्यांची भाषा चांगली आहे."

"चोरी," टीचर म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.

कामगारांपैकी कोणीतरी फिसकन हसलं. साहेबाचा चेहरा लाल झाला. तो बाळकडे वळला. घरातला एवढाच काय तो आपला माणूस, अशा हक्कानं. "बाळसाहेब, तुम्ही तरी यांना समजवा. तुम्ही व्यवहारी आहात."

बाळचे कोपरापर्यंतचे हात चिखलानं भरले होते. त्याची सही अजून कागदावर होती, आणि तो तिच्यावर चिडलेलाही होता. त्यानं वळून खड्ड्याकडे बघितलं.

"मीच यांना सांगत होतो, चार वर्षांत माती होते म्हणून," तो म्हणाला. "तुम्हीच मला तसं सांगितलं होतंत."

"ढोबळमानानं..."

"जा साहेब," बाळ म्हणाला. "आज जा. माझं डोकं ठिकाणावर नाही."

गाडी धूळ उडवत गेली. फाटका कागद डबक्याकडे उडाला आणि टीचरनं तो धावत जाऊन पकडला. खाणीत कागदसुद्धा पडून राहायला नको, म्हणाली.

पुढच्या डोंगराचं काम गेलं. ते कळवायला साहेबानं सोमवार सकाळचे नऊसुद्धा वाजू दिले नाहीत. फोन ताईनंच घेतला, 'बरं' म्हटलं आणि ठेवून दिला. दहा वाजेपर्यंत दोन कामगार येऊन भेटून गेले. त्यांना तिकडे नव्या ठेकेदाराकडे बोलावणं होतं. ताईनं दोघांना चहा पाजला आणि त्यांचे सेफ्टीबेल्ट त्यांना बरोबर न्यायला सांगितले. तिकडे कसले देतील त्याचा भरवसा नव्हता.

मग ती खाली आली. रविवारी लॉऱ्या काही फिरकल्या नाहीत, आणि सगळ्यांनी मिळून सात नंबरचं पातं खाणीतून ओढून आणलं होतं. ते आता करवतीच्या चौकटीवर चढवलेलं होतं. चोपन्नांवर हे पंचावन्नावं. बाबा एका हातानं काठी आणि दुसऱ्या हातानं खडू धरून त्यावर हाताहाताच्या अंतरानं रेघा मारत होते. लंबूनं तोंडाला जाड मास्क बांधला होता, डोळ्यांवर चष्मा चढवला होता. काचेची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, म्हणून करवतीच्या दातांवर सतत पाणी मारावं लागे. पाणी धरायला माणूस नव्हता. ते काम करणारा त्या निघून गेलेल्या दोघांपैकी एक होता.

ताईनं पाइप उचलला, तेवढ्यात मागून कोणीतरी तो तिच्या हातातून काढून घेतला.

बाळ होता. अंगात जुना सदरा, तोंडाला मास्क, तोही उलटा बांधलेला.

"मला अजून पटलेलं नाही," तो मास्कमधून म्हणाला. "परवाचं ते जे बोललो, ते चुकलं. पण हे पटलेलं नाही. वर्षभरात आपण उघड्यावर येऊ बघ."

"येऊ."

"आणि त्या भट्टीवाल्या बाईंनी नकार दिला तर?"

"दुसरी भट्टी शोधू."

"आणि ती नाही मिळाली तर?"

ताईनं त्याच्या मास्कच्या नाड्या सोडल्या, मास्क सुलट केला आणि घट्ट गाठ मारली, त्याचे कान ओढले जातील इतकी घट्ट.

"तर तू मला रोज सांग, मी म्हणालो होतो म्हणून. आता पाणी धर."

बाबांनी शेवटची रेघ मारली आणि बाजूला झाले. लंबूनं करवत सुरू केली. पहिल्याच दातासरशी पातं किंचाळलं, आवारातले कावळे एकदम उडाले, आणि बाळनं पाण्याची धार बरोबर रेघेवर धरली.